सव्वासहा किलो लांबी

दसरा चौकातून स्टेशनकडं जाताना माझ्यापुढं एक क्रीम रंगाची प्रीमिअर पद्मिनी चालली होती. कोल्हापुरात अशा फियाट अजून अधूनमधून दिसतात; त्यांच्याकडं जरा मायेनं बघायचं आणि आपल्या वाटेला लागायचं. तेवढ्यात डावीकडच्या बोळातून एक रिक्षा न बघता आडवी घुसली आणि फियाट थांबली. टायर किंचाळले नाहीत, गाडी एका अंगाला ओढली गेली नाही, नुसती थांबली. फियाट अशी थांबत नाही. आमच्या घरी होती, म्हणून हे खात्रीनं सांगतो. चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि पायाचा जोर वाढवायला बूस्टर नाही. पन्हाळ्याहून खाली उतरताना वडील पेडलवर जवळजवळ उभे राहायचे आणि शेजारी बसलेली आईही दोन्ही पाय पुढं रोवायची.

पुढच्या सिग्नलला मी विचारलंच. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. "पुढं डिस्क बसवल्यात," ते म्हणाले. "उद्यमनगरात केलंय. बघायचं तर जावा की."

शिवाजी उद्यमनगरात पत्ता सापडायला वेळ लागला नाही. ऑइल इंजिनं आणि ओतकाम यांवर वाढलेल्या या शहरात क्रँक ग्राइंडिंग, बोअर, हेड फेसिंग, गिअर कटिंग सगळं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या गाडीचा पार्ट मिळत नाही म्हणून इथं कुणी हातावर हात धरून बसत नाही. झिजलेला तुकडा पिशवीत घालून समोरच्या लेथवर न्यायचा आणि तसाच नवा करून आणायचा. शिवाय छत्रपतींची १९३६ची मेबॅक अजून दसऱ्याच्या सोहळ्याला रस्त्यावर येते, त्यामुळं जुनी गाडी पोसणाऱ्याला या गावात कुणी खुळा म्हणत नाही. फार तर हौशी म्हणतात.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. आत तीन फियाट, जळलेल्या रंगाचा आणि थिनरचा वास, भिंतीवर पाने टांगलेले. मिस्त्री पन्नाशीचे. मी ब्रेकबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी एका गाडीचं पुढचं चाक काढूनच दाखवलं. मारुती ८००चा कॅलिपर, त्याला धरायला लेथवर बनवलेली जाड ब्रॅकेट, हबला बसेल अशी कातून घेतलेली डिस्क, आणि हे सगळं मूळच्या १४ इंची रिमच्या आत न घासता मावलं पाहिजे. वर बूस्टर आणि दोन वेगळ्या लाइनींचा मास्टर सिलिंडर. "जुन्यात एकच लाइन चारी चाकांना. एक रबर फाटलं की पेडल थेट खाली," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडं गाडी आली की पहिल्यांदा ब्रेक. ब्रेक नको म्हणणाऱ्याची गाडी मी घेत न्हाई."

बाकीचे बदल बॉनेट उघडल्याशिवाय कळणारही नाहीत. डायनामो काढून अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, कडक होऊन तडकलेल्या वायरिंगच्या जागी नवं हार्नेस, ट्रॅफिकमध्ये गाडी तापू नये म्हणून विजेवर चालणारा पंखा. इंजिनाचंही काम निघतं, कारण पंपावरचं पेट्रोल आता ते राहिलेलं नाही. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर वाढली. २००० साली देशभर शिसं बंद झालं आणि जुन्या व्हॉल्व्ह सीटला मिळणारं संरक्षण गेलं, म्हणून हेड उघडलं की कडक सीट ठोकून घ्यायच्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते जुनं रबर खातं, पंपाचा पडदा फुगवतं, हवेतलं पाणी ओढून टाकीला आतून गंजवतं. मिस्त्रींच्या टेबलावर कार्ब्युरेटरमधून निघालेल्या चिकट रबराचे तुकडे एका बशीत ठेवलेले होते. गिऱ्हाइकाला दाखवायला.

मी ब्रेकसाठी गेलो होतो, पण पुन्हा पुन्हा गेलो तो शेडच्या मागच्या कोपऱ्यातल्या माणसासाठी. तिथं डेंटर बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्यासमोर इचलकरंजीहून आलेली १९७८ची पद्मिनी होती. इंजिन, काचा, सीट, दारं सगळं उतरवलेली. आजोबांची गाडी, नातवाला स्वतःच्या लग्नाआधी रस्त्यावर आणायची होती. "बॉडी चांगली आहे, फक्त रंग मारायचाय," असं सांगून त्यानं ती आणून सोडली होती, आणि वरून बघता ते खरंही वाटत होतं.

चाचांनी दाराखालच्या पट्टीवर बोटाच्या सांध्यानं ठोकलं. आवाज बसका आला. पत्रा वाजतो, खळगे भरायला थापलेली लांबी वाजत नाही. मग गॅसची ज्योत फिरवून रंग भाजला, पात्यानं खरवडायला घेतलं, आणि थरावर थर निघत गेले. राखाडी, तपकिरी, हिरवट. प्रत्येक थर म्हणजे कुठला तरी अपघात किंवा कुठला तरी पावसाळा, आणि तो झाकून देणारं कुठलं तरी गॅरेज. मागच्या चाकाच्या कमानीत पत्राच नव्हता. जाळी, तिच्यामागं कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा, आणि वर सफाईनं ओढलेली लांबी. चाचांनी निघालेला सगळा माल रंगाच्या डब्यात भरून ठेवला आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन तोलला. सव्वासहा किलो.

"मालकाला पटत न्हाई ओ. आकडा सांगितला की गप बसतोय."

हा आकडा पुढं शेडमध्ये सारखा कानावर पडत राहिला. पोरं चहा आणताना म्हणत, रंगवाला आला की त्याला सांगत, मिस्त्री फोनवर दुसऱ्याच गिऱ्हाइकाला सुनावत. नातू आला तेव्हा त्यानं तो डबा स्वतः उचलून बघितला.

फियाटच्या बाबतीत हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही. अँबेसेडरप्रमाणेच हिलाही ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हीच गाडी. स्प्रिंगा, इंजिन, स्टिअरिंग, माणसं, सगळ्यांचा भार घडी घातलेल्या पत्र्यावर. दाराखालची पट्टी सडली की गाडी मधून वाकायला लागते, आणि जॅक लावला की दार उघडत नाही. म्हणजे तुम्ही चकचकीत डिस्क ब्रेक बसवलेत आणि तो ज्या पत्र्याच्या आधारावर उभा आहे तो पत्रा लांबीचा आहे, असं होऊ शकतं. होतंही. बाजारात ब्रेकचे, इंजिनाचे फोटो फिरतात; पट्टीचा फोटो कुणी काढत नाही.

चाचांचं काम संथ. सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा हातानं वळवून तिथं बसवायचा, वेल्डिंगचे छोटे टाके लांब लांब अंतरावर मारायचे, नाहीतर उष्णतेनं अख्खा पत्रा लाटा खातो. ताणलेली जागा तापवून वर ओलं फडकं दाबायचं की पत्रा आकसतो. मग आतून डॉली, बाहेरून हातोडी. आणि मग ज्यासाठी मी तिथं स्टूल ओढून बसत असे तो भाग. चाचा पातळ सुती कापड पत्र्यावर टाकतात, त्यावर तळहात ठेवतात आणि रस्त्याकडं बघत बसतात. हात मात्र हळूहळू मागून पुढं सरकत असतो. मध्येच थांबतो. खडूची खूण होते. पुन्हा हात चालू.

मीही हात फिरवून पाहिला. मला तिथं गुळगुळीत पत्रा लागला. "इथं बसलाय," चाचा म्हणाले. मी मान हलवली नाही हे बघून त्यांनी ट्यूबलाइट पत्र्याला समांतर धरायला लावली. तेव्हा प्रकाशाच्या रेघेत बारीकसा खळगा दिसला, बरोबर खडूच्या खुणेवर. कापड कशाला, असं विचारलं तर म्हणाले, उघडा हात पत्र्याला चिकटतो, कापडाखाली सरकतो, मग कळतं. बघून कळत नाही. हे काम ते चाळीसेक वर्षं करतायत. त्यांच्या हाताखालचा पोरगा हल्लीच सिरॅमिक कोटिंगच्या दुकानात लागला. "तिकडं पगार जास्त हाय. जाऊ दे की," एवढंच बोलले.

या एका आकाराच्या पत्र्यावर इतकी वर्षं माया टिकली, याचं कारण गाडीच्या गुणांपेक्षा काळात जास्त आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट काढली. १९७२मध्ये तीच प्रीमिअर प्रेसिडेंट झाली, १९७४मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. नावं बदलली तरी आतलं १०८९ सीसीचं, सुमारे ४० अश्वशक्तीचं इंजिन आणि स्टिअरिंगवरचा चार गिअरचा दांडा बराच काळ तसाच राहिला. लायसन्स-परमिटच्या काळात लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरून ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. वाट बघून मिळालेली वस्तू माणूस सहजी भंगारात देत नाही. दुरुस्त करत राहतो. त्या दुरुस्त्या म्हणजेच डब्यातली ती सव्वासहा किलो.

शेडमध्ये असताना दोन टोकांची माणसं भेटली आणि दोघांशीही माझं फारसं जमलं नाही. एक सांगलीचे संग्राहक. त्यांना डिस्क ब्रेक म्हणजे विटाळ वाटतो. स्क्रूची खाच सुद्धा त्या काळची हवी, हेडलाइटचा उजेड पिवळाच हवा. २०२१मध्ये केंद्रानं केलेल्या व्हिंटेज नियमांचा दाखला त्यांनी दिला, आणि तो चुकीचा नव्हता. ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. संग्रहासाठी आणि प्रदर्शनासाठी हे योग्यच. पण रोज स्टेशन रोडवर चालणाऱ्या गाडीला हा न्याय लावायचा म्हणजे रिक्षावाल्यांनीही १९७४च्या वेगानं आडवं यायला हवं. शिवाय लांबीनं भरलेली गाडी त्यांच्या नजरेला ओरिजिनल दिसते, आणि नवा पत्रा घातलेली, ब्रेक सुधारलेली गाडी बाटलेली. हे गणित मला कळत नाही.

दुसरा, पुण्याहून आलेला तरुण. त्याला पद्मिनीत जिप्सीचं १२९८ सीसी इंजिन हवं होतं, खाली गिअर, रुंद टायर, आत निळे दिवे. हे जमतं, जिप्सीचं इंजिन फियाटसारखंच पुढून मागं, उभं बसतं, बोगदा कापून गिअरबॉक्स घालता येते. अशा गाड्या आहेत, पळतातही चांगल्या. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकानं ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकानं करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये याच कलमावर कडक भूमिका घेतली. ब्रेकचा प्रकार आरसीवर नसतो. इंजिन नंबर असतो. परवानगीशिवाय इंजिन बदललं आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच नंबर वाचणार. मिस्त्रींनी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी डबा पुढं केला. "ही सव्वासहा किलो एका गाडीत निघाली. तुझ्यात किती हाय ते आधी बघू, मग इंजिनाचं बोलू." तरुण हसला, फोटो काढला आणि विचार करतो म्हणून गेला. तो दुसरीकडं करून घेईल, असं मिस्त्रींनाही वाटत होतं.

माझं मत मिस्त्रींच्या बाजूला झुकलेलं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जे उद्या नट सोडवून काढता येईल ते नवं बसवावं: ब्रेक, वायरिंग, अल्टरनेटर, तीन बिंदूंचे सीटबेल्ट. ज्याच्यासाठी पत्रा कापावा लागतो ते करू नये. पत्रा कापायचाच तर सडलेला.

इचलकरंजीची गाडी रंगाला गेली तेव्हा मी नव्हतो. मूळचाच फिकट हिरवा रंग दिला. रंगवाल्यानं शेवटी कागदाच्या जाडीएवढी लांबी वापरलीच, कारण हातोडीच्या खुणा पूर्ण जात नाहीत. किती ते मात्र आधी चाचांना विचारून. नातवानं स्टिअरिंगवरचा गिअर तसाच ठेवला, पुढं डिस्क घेतल्या, आणि आत निळे दिवे लावायचा त्याचाही हट्ट होता, तो सोडला.

तुमच्याकडं आवरणाखाली एखादी फियाट उभी असेल, तर रंगाचं शेडकार्ड मागवण्याआधी तीन गोष्टी करा. आरसीची मुदत बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. पायाखालचे मॅट उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आणि गाडी कुणाकडंही द्या, निघालेली लांबी फेकायची नाही, काट्यावर घालून दाखवायची, हे आधीच सांगून ठेवा.