उंदरानं पखवाज खाल्ला: वादी बदलण्याची पूर्ण गोष्ट

ज्यांनी हा भाग बसमध्ये अर्धवट ऐकला आणि नंतर "ते ३२ कसे आले?" असं विचारलं, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय.

तर झालं असं. मी पुण्यात ऑफिसमध्ये होतो आणि नरसीहून बाबांचा फोन आला. "उंदरानं पखवाज खाल्ला." सप्ताह नऊ दिवसांवर. आमचं गाव नरसी नामदेव, हिंगोली जिल्हा, कयाधू नदीच्या काठचं. नामदेव महाराजांचं जन्मस्थान. इथं सप्ताहात पखवाज नाही म्हणजे लग्नात नवरदेव नाही. आणि हा पखवाज आजोबांचा.

उंदीर का आला, तर चूक माझी. पखवाजाला दोन तोंडं. उजवीकडं काळी शाई, आणि डावीकडचं मोठं तोंड म्हणजे धूम. धुमेवर वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक लावतात, त्यानं आवाज खोल होतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची असते. दिवाळीत मी वाजवला आणि कणीक तशीच ठेवून पुण्याची गाडी पकडली. उंदराला जेवणच वाढून ठेवलं म्हणा ना. नशिबानं पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, शाबूत राहिली. कुरतडली ती वादी.

वादी म्हणजे दोन्ही तोंडांना एकमेकांकडं ओढून धरणारी चामड्याची पट्टी. आधी मला वाटलं, एक पट्टी तुटलीये, एक बदलू. पट्टे कसे बदलायचे म्हणून नेटवर इंग्रजीत शोधलं, तर निम्मे व्हिडिओ स्कॉटलंडच्या किल्टचे! म्हणजे तो पुरुषांचा चुण्यांचा घागरा. त्याला कमरेशी दोन-तीन चामडी पट्टे आणि बकलं असतात. कापड वर्षानुवर्षं टिकतं, पट्टे आधी जातात. मग जुनी शिवण उसवायची, तेवढाच पट्टा काढायचा, त्याच जागी नवा शिवायचा. बाकीच्यांना हातही लावायचा नाही.

पखवाजाचं नेमकं उलटं आहे. बाहेरून दिसताना बऱ्याच पट्ट्या दिसतात, पण ती एकच लांबलचक वादी असते. प्रत्येक पुडीच्या कडेला चामड्याचा विणलेला गजरा, आणि गजऱ्याला १६ घरं. वादी उजवीकडून डावीकडं, परत उजवीकडं अशी ओवत जाते, म्हणून अंगावर ३२ पदर. त्यांच्याखाली ८ लाकडी गट्टे, एका गट्ट्यावरून ४ पदर. आमचा पखवाज साधारण दोन फुटी. ३२ गुणिले २ म्हणजे ६४ फूट, वर गाठीला आणि ओढून धरायला जास्तीची. एका जागी तुटली तरी लगेच सगळं सुटत नाही, कारण घराघरात वादी घट्ट अडकलेली असते. पण दर थापेला ती थोडीथोडी सरकते, आणि सूर उतरत जातो.

हे ताणाचं प्रकरण आम्हा इंजिनियर लोकांना आवडणारं आहे. कातड्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे पेटीवर काळी एकवरून काळी दोनवर जायचं, तर कंपनसंख्या १२ टक्के वाढते, पण त्यासाठी ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. म्हणून थोडा सूर चढवायलाही घाम निघतो. शिवाय ताण चहूबाजूंनी सारखा हवा. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की आपल्या या वाद्यांचे उपस्वर मूळ सुराशी सुसंवादी असतात, साध्या ढोलासारखे विस्कटलेले नसतात. ही शाईच्या जादा वजनाची करामत. पण एका बाजूची वादी ढिली राहिली की शाई बिचारी काय करणार?

आता माझी दुसरी चूक. घाईत ऑनलाइन नायलॉनची दोरी मागवली. ओवायला सोपी, दिसायला झकास. संध्याकाळी सूर लावला, सकाळी उतरलेला. पुन्हा ओढली, पुन्हा उतरली. स्वस्त दोरी ताणाखाली लांबतच राहते. दोन दिवस गेले.

मग आमच्या भागातल्या एका जुन्या कारागिरांकडं गेलो. त्यांनी दोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाळा, ही गाय बांधायला ठेव." मी विचारलं, जुन्याच वादीला जोड देता येईल का? "देतो की. पण बाकीची वादी बी तेवढीच म्हातारी हाय. आज हितं तुटली, उद्या तिथं तुटंल. कीर्तन चालू असताना तुटली तर नाव माझं खराब."

नवी वादी पंढरपूरहून आणवली, तिथं मंदिराच्या परिसरात वाद्यांची दुकानं आहेत. घेताना काय बघायचं ते काकांनी शिकवलं. दुमडून बघा, चिरा पडल्या तर परत द्या. बोटांमधून पूर्ण ओढून बघा, जाडी सगळीकडं सारखी पाहिजे. जिथं पातळ, तिथंच तुटणार.

उघडायच्या आधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि गजऱ्यावर व लाकडावर पेन्सिलीनं जुळत्या खुणा केल्या. पुडी जुन्या जागीच बसवायची होती. काका हसले, पण खुणा त्यांनी वापरल्या.

वादी पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवली. कडक वादी घरातून ओढली तर गजराच कापला जातो. तुकडे जोडायला गाठ नाही मारत, हे मला नवीन होतं. दोन्ही टोकांना उभी चीर पाडून एकातून दुसरं ओवतात, म्हणजे जोड सपाट राहतो आणि घरातून निघतो. पहिल्या फेरीत फक्त ओवलं, ढिलं. मग पाय लावून एकेक पदर ओढत तीन फेऱ्या. एकाच दमात घट्ट करायला गेलात तर पुडी तिरकी बसते. मग एक दिवस सावलीत वाळवलं. ओली वादी वाळताना स्वतःच आखडते, म्हणून गट्टे त्यानंतर. गट्टा फुगीर भागाकडं ठोकला की वादी आणखी ताणते आणि सूर चढतो. शेवटची बारीक दुरुस्ती गजऱ्यावर हातोडीनं.

काम चालू असताना काकांना विचारलं, नट-बोल्टचा पखवाज घेऊ का? पाना फिरवला की झालं. ते म्हणाले, "घे. माझ्या पोरानं बी हे काम सोडलंय." मला यावर बोलता आलं नाही. नंतर म्हणाले, "चामड्याला हात लावतो म्हणून आमच्या आज्याला देवळाच्या बाहेर बसवायचे. पखवाज मात्र आत." चोखोबा मंगळवेढ्याला भिंतीखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी आजही देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीजवळच आहे. हे मला शाळेपासून माहीत होतं. समोरच्या माणसाशी कधी जोडलं नव्हतं.

नट-बोल्टवर माझं मत विचाराल तर रोज प्रवास करणाऱ्या मंडळांनी खुशाल घ्यावा, वेळ वाचतो. आमचा मी बदलणार नाही. आणि काकांकडं जाऊन ओवणं शिकतोय. महिन्यातून एक रविवार. अजून माझी तिसरी फेरी सारखी येत नाही.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सूर थोडा उतरला, नवी वादी बसेपर्यंत उतरतेच. दोन गट्टे ठोकले, पुढं काल्यापर्यंत टिकला. रात्री सगळे झोपायला गेले तेव्हा मी धुमेवरची कणीक खरवडत बसलो होतो.