ईश्वराच्या दरबारी दामदुपट

कर्जावरील व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक घेता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम आमच्या पेठेतील जुन्या व्यापाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. मनुस्मृतीत त्याचे मूळ आहे, पुढील स्मृतिकारांनी तो मान्य केला, इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत चालू ठेवला, आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने मुद्दलाहून अधिक व्याज देवविण्याची न्यायालयांस मनाईच केली. ह्या नियमाच्या पोटी जी समजूत आहे ती साधी आहे. ऋण खरे, ते फेडलेच पाहिजे, बुडविणारा दोषी. परंतु देणे कितीही खरे असले तरी त्यास कोठे तरी अंत असला पाहिजे. जो सावकार शंभर रुपयांच्या खतावर नातवापणतवांपर्यंत वसुली करीत राहतो, त्याचे खत कितीही चोख असो, त्यास गावात कोणी धर्मात्मा म्हणत नाही.

असे असता ह्याच व्यवहारदक्ष माणसांपैकी कित्येकांनी जगाच्या धन्याविषयी मात्र अगदी उलट कल्पना करून घेतली आहे. मनुष्याचे आयुष्य ते किती? साठसत्तर वर्षांचे, त्यातही बाळपण, आजार आणि झोप वजा जाता पाप करण्यास उरतो तो काळ थोडाच. तेवढ्या काळातील अपराधाबद्दल ईश्वर त्यास अनंतकाल अग्नीत ठेवील, असे एका श्वासात म्हणावयाचे आणि दुसऱ्या श्वासात त्याच ईश्वरास पिता, माउली, कृपासिंधू म्हणून हाक मारावयाची! ही दोन्ही विधाने एकाच तोंडाने प्रामाणिकपणे करता येतात काय, इतकाच आजचा प्रश्न आहे.

हा वाद पंडितांच्या फावल्या वेळचा आहे, असे कोणी समजू नये. ज्या घरातील तरुण मुलाने निराशेच्या भरात स्वतःचा प्राण घेतला, त्या घरी समाचारास येणारे लोक काय कुजबुजतात ते सर्वांस ठाऊक आहे. ज्या बाईचे मूल संस्कार होण्यापूर्वीच गेले, ती रात्री काय विचार करीत असेल, ह्याची कल्पना करण्यास विद्वत्ता लागत नाही. नरकाचे मत ग्रंथात राहात नाही. ते अशा घरांत येऊन बसते.

हा प्रश्न आमच्याच एका माणसाने फार मोठी किंमत देऊन विचारला होता. १८३९ साली जॉन म्यूर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहून हिंदू धर्मापेक्षा ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले. त्यास उत्तरे देणाऱ्यांत काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे एक होते. वय अवघे विशीच्या आसपास. पण 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'त त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले. सर्वज्ञ ईश्वराने जीव निर्माण करावे, त्यांचे पुढे काय होणार हे जाणून करावे, आणि त्यांतील कित्येकांस कधीही न संपणाऱ्या यातनेत टाकावे, ह्यात दया कोठे राहिली? पुढे १८४८ साली हेच शास्त्रीबुवा ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे ह्या नावाने प्रसिद्धीस आले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागे त्यांच्या लेखनाचा हात होता, हेही प्रसिद्ध आहे. १८९५ साली मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांच्या निर्णयाशी आम्हास येथे कर्तव्य नाही. धर्म बदलला म्हणून प्रश्न सुटत नाही, एवढेच सांगावयाचे आहे. कारण ज्या इंग्लंडातून हे मत आले तेथेही तो सुटलेला नव्हता.

तिकडील हकीकत पाहण्यासारखी आहे. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे लंडनच्या किंग्ज कॉलेजात धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. शास्त्रातील 'अनंत' ह्या शब्दाचा अर्थ न संपणारा काळ असाच घेतला पाहिजे असे नाही, इतके म्हटल्याबद्दल १८५३ साली त्यांची नेमणूक गेली. दहाअकरा वर्षांनी एच. बी. विल्सन नामक पाद्र्यावर ह्याच प्रकारचा खटला झाला आणि तो अपिलात प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. ज्या प्रिव्ही कौन्सिलात १९४९ पर्यंत आमच्याकडील दत्तकाची आणि वतनाची अपिले जात, तेच हे न्यायासन. दुष्टांसही अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे हा इंग्लंडच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे गुन्हा होत नाही, असा निकाल १८६४ साली झाला. त्यावर काय व्हावे? सुमारे ११,००० पाद्र्यांनी सह्या करून जाहीर केले की, शिक्षा अनंतच आहे! क्षमेची नुसती आशा करण्यास मोकळीक मिळाली, तर त्याविरुद्ध इतक्या सह्या जमाव्या, हे मनुष्यस्वभावाचे एक कोडेच म्हणावयाचे.

अनंत शिक्षेच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद सर्वांत भारदस्त समजला जातो तो असा : अपराध कोणाविरुद्ध झाला यावर त्याची गुरुता ठरते, ईश्वर अनंत आहे, सबब त्याच्याविरुद्ध घडलेला अपराधही अनंत आणि त्याची शिक्षाही अनंत. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने ही दिशा दाखविली आणि तेराव्या शतकात टॉमस अक्विनासने ती अधिक शास्त्रशुद्ध केली. आमच्या वाचकांस हा युक्तिवाद ओळखीचा वाटल्यास नवल नाही. ब्राह्मणाने शूद्रास अपशब्द बोलल्यास बारा पण दंड, आणि शूद्राने ब्राह्मणास बोलल्यास शरीरदंड, हे मनुस्मृतीचे अंकगणित ह्याच तत्त्वावर उभे आहे. दुखावला गेला त्याचा दर्जा पाहून शिक्षा मापावयाची! हे माप आम्ही मनुष्यांच्या न्यायालयांतून हद्दपार केले आणि त्याबद्दल स्वतःस सुधारलेले म्हणवितो. मग ते ईश्वराच्या न्यायालयात का ठेवावे? जो खरोखर थोर त्याचा मान सहजी दुखावत नाही, आणि दुखावला तरी त्यास क्षमा करणे इतरांहून सोपे जाते. लहानशा अंमलदारास रामराम न केल्याचा जितका राग येतो तितका मोठ्यास येत नाही, हा तर रोजचा अनुभव आहे.

लहान मुलांच्या बाबतीत ह्या मताच्या पुरस्कर्त्यांचीही छाती झाली नाही. बाप्तिस्मा न होता मेलेली मुले सौम्य का होईना, पण शिक्षेतच जातात, असे ऑगस्टिनने पाचव्या शतकात म्हटले होते. पुढील शतकांत त्यांच्यासाठी यातना नाही आणि ईश्वरदर्शनही नाही अशी 'लिंबो' नावाची एक वेगळी ओसरी पंडितांनी कल्पिली. शेवटी २००७ साली रोमन कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने ह्या मुलांच्या उद्धाराची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असा निबंध प्रसिद्ध केला. आयांनी हे कधीच ओळखले होते. विद्वानांस तेथे पोहोचण्यास पंधराशे वर्षे लागली.

येथवर वाचून आमचे काही सनातनी मित्र मिशा पिळीत असतील. आमच्या धर्मात अनंत नरक नाहीच, भोग संपला की जीव सुटतो, असे ते म्हणतील. आणि हे म्हणणे बहुतांशी खरे आहे. मनुस्मृतीत नरक एकवीस, भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस. पण बहुतेक सर्व मुदतीचे. मध्वाचार्यांनी मात्र काही जीव स्वभावतःच अंधतमसास योग्य, त्यांस परत येणे नाही, असे शिकविले. तो अपवाद होय. तरी मित्रांनी फार हुरळून जाऊ नये. आम्ही नरक मुदतीचा ठेवला खरा, पण त्याची जागा हलवून ती ह्याच लोकी आणली. महारोग्यास पाहिले की पूर्वजन्मीचे पाप. विधवा झाली की तिच्या नशिबाची खोट. अमुक जातीत जन्मला की मागील कर्माचा भोग. ज्यास ख्रिस्ती उपदेशक मेल्यावर जाळणार होता, त्यास आम्ही जिवंतपणी गावकुसाबाहेर ठेवले, आणि वर सांगितले की हा ईश्वरी न्याय आहे. शिक्षा भोगणाऱ्यास आपला गुन्हा कोणता हे आठवतही नाही, अशा शिक्षेने सुधारणा कोणाची व्हावयाची? कर्जदारास खत न दाखविता वसुली करण्याचाच हा प्रकार आहे.

आणि ह्या वसुलीत मध्यस्थांची दलाली आहे, हेही सांगितले पाहिजे. घरात प्रेत असता किंवा सुतक चालू असता गरुडपुराणाचा प्रेतखंड वाचावयाचा, त्यातील यमदूत, तापलेली वाट, रक्तपुवाची वैतरणी ह्यांची वर्णने रडणाऱ्या माणसांस ऐकवावयाची, आणि नंतर ती नदी ओलांडण्यास गाईचे शेपूट लागते म्हणून गोप्रदान किंवा तिची किंमत घ्यावयाची! मनुष्य शोकाने दुबळा झाला असता त्याच्याशी केलेला करार कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. भीती विकून तिच्यावरचा उतारा विकणारा दुकानदार आमच्या बाजारात दिसला, तर त्यास काय म्हणतील ते वाचकांनीच ठरवावे.

कोणी विचारील, नरक नाही म्हटले तर लोक मोकाट सुटतील, त्याचे काय? अनुभव तसा नाही. नरकाची भीती ज्या काळी सर्वांत जाज्वल्य होती त्या काळी मापात पाप कमी होते असे इतिहास सांगत नाही. १८४० साली सरकारने न्यायालयांतील गंगाजळाची आणि कुराणाची शपथ बंद करून साधी प्रतिज्ञा घेण्यास प्रारंभ केला; म्हणून न्यायालये बंद पडली नाहीत.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. ज्याने गोरगरिबांस लुबाडले, स्त्रियांस नासविले, गावेच्या गावे जाळली, तो मेला की सुटला काय? त्यासही ईश्वराने तत्काळ उराशी धरावे काय? तसे असेल तर ज्यांनी सोसले त्यांच्या दृष्टीने ईश्वर दयाळू नव्हे, बेपर्वा ठरेल. हे आम्हास मान्य आहे. हिशेब झालाच पाहिजे. केल्या कर्माची जाणीव, आणि ती जाळल्यावाचून राहील असे नाही, प्रत्येकास एकदा झालीच पाहिजे. ज्यास नरक म्हणावयाचे असेल त्याने ह्यास म्हणावे. परंतु ती शिक्षा अपराध्यास शुद्ध करण्यासाठी असेल तर शुद्धी होताच तिचे काम संपते. आणि शुद्ध करण्यासाठी नसेल तर ती न्यायही नव्हे, दयाही नव्हे, नुसता सूड होय. आमचे शेजारी पारशी लोक ह्यांच्या 'बुंदहिश्न' ग्रंथात अखेरच्या दिवशी वितळलेल्या धातूचा पूर सर्व जगावरून जातो. सज्जनांस तो कोमट दुधासारखा लागतो, दुष्टांस भाजतो, पण शुद्ध होऊन सर्वच बाहेर येतात आणि नरकाची जागाही निर्मळ होते. दाहही आहे आणि अंतही आहे.

कित्येक अर्वाचीन लेखक म्हणतात की, ईश्वर कोणास नरकात टाकीत नाही. मनुष्यच हट्टाने आत बसून कडी लावून घेतो. हे म्हणणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सभ्य आहे. पण आपले मूल रागाने खोलीत कोंडून बसले तर कोणती आई एकदा दार ठोठावून निजावयास जाते?

तथापि ह्या विषयावरचे सर्वांत निर्णायक उत्तर आमच्या मते महाभारतातच आहे. अक्विनासने म्हटले आहे की, स्वर्गातील पुण्यवानांस नरकातील यातना दिसतात आणि त्यामुळे त्यांच्या आनंदात उणे पडत नाही. स्वर्गारोहणपर्वातील युधिष्ठिर ह्याच्या अगदी उलट वागतो. स्वर्गात दुर्योधन बसलेला, आणि आपले भाऊ व द्रौपदी मात्र दुर्गंधीच्या काळोखात विव्हळत आहेत, असे पाहिल्यावर तो देवदूतास परत पाठवितो आणि सांगतो की मी येथेच राहणार, माझ्या असण्याने ह्यांस बरे वाटते. त्यानंतरच तो नरक नाहीसा होतो. मनुष्याच्या अंतःकरणात इतके प्रेम असू शकते, तर ईश्वराच्या ठायी त्याहून कमी आहे असे म्हणणाऱ्याने आधी तो ईश्वर युधिष्ठिरापेक्षा थोर कसा ते दाखवावे.

सुतकाच्या दिवसांत काहीतरी वाचले पाहिजेच असा ज्या घरांचा आग्रह असेल, त्यांनी प्रेतखंडाऐवजी हे स्वर्गारोहणपर्व वाचवून घेण्यास आम्हास कोणतीही हरकत दिसत नाही. थोड्या अध्यायांचे लहानसे पर्व आहे. एका बैठकीत संपते, आणि त्यासाठी गाय लागत नाही. भटजींची दक्षिणा ज्यास द्यावयाची असेल त्याने ती अवश्य द्यावी.