‘फॉरवर्ड’ म्हटलं तरी न हलणारा विद्यार्थी

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत रटगर्स युनिव्हर्सिटीत एम.एस.ला गेला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन. "अरे, आमच्या वर्गात एक कुत्रा बसतो!" मला वाटलं, दादा नवीन रूम पार्टनरबद्दल बोलतोय. पण नाही, खराखुरा कुत्रा. चार-पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू बाकाखाली तंगड्या पसरून गाढ झोपलेलं. लेक्चरला झोपण्याची कला आपल्यातही अनेकांना अवगत आहे म्हणा, पण हे पिल्लू झोपत होतं तो त्याचा अभ्यास होता!

आता ही भानगड काय ते सांगतो. न्यू जर्सीतच मॉरिसटाउन नावाचं गाव आहे. तिथे ‘द सीइंग आय’ ही संस्था अंध लोकांसाठी गाइड डॉग तयार करते. संस्थेत जन्मलेली पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की ती स्वयंसेवकांच्या घरी वाढायला देतात. असे स्वयंसेवक रटगर्सच्या विद्यार्थ्यांतही आहेत. त्यांचा तिथे चक्क क्लब आहे.

या कल्पनेचा उगम मात्र जर्मनीतला. पहिल्या महायुद्धात कित्येक सैनिक आंधळे होऊन परतले. त्यांच्यासाठी १९१६ साली ओल्डेनबर्गला गाइड डॉगची शाळा निघाली. पुढे डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी अशी शाळा पाहिली आणि १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो लेख कुणीतरी वाचून दाखवला. पठ्ठ्याने बाईंना पत्र लिहिलं आणि १९२८ साली थेट स्वित्झर्लंड गाठलं. परतताना बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री सोबत होती. न्यूयॉर्कला उतरल्यावर त्याने पत्रकारांसमोर वेस्ट स्ट्रीट हा धो-धो वाहणारा रस्ता बडीच्या भरवशावर ओलांडला. १९२९ साली दोघांनी मिळून ‘द सीइंग आय’ सुरू केली.

आता पिल्लाच्या सिलॅबसकडे वळू. पहिलं साधारण वर्ष-सव्वा वर्ष ते स्वयंसेवकाच्या घरी असतं. या काळात रस्ता दाखवायचं काहीच शिकवत नाहीत. शिकवतात ते वळण. सोफ्यावर चढायचं नाही, ताटातलं मागायचं नाही, जमिनीवर पडलेलं खायचं नाही, ठरल्या वेळी आणि सांगितल्यावरच शी-शू करायची. शिवाय बस, ट्रेन, लिफ्ट, बाजार, पाऊस, फटाके, रडणारी पोरं, सगळ्याची सवय. वर्गात तास-तास गप्प पडून राहणं हा त्यातलाच एक धडा. मोठेपणी त्याला ऑफिसात मालकाच्या टेबलाखाली असंच बसायचं असतं.

मग पिल्लू संस्थेत परत जातं आणि खरं ट्रेनिंग सुरू होतं. ते साधारण चार महिने चालतं. कुत्र्याच्या अंगावर पट्ट्यांचं हार्नेस आणि त्याला कडक दांडा. दांडा कडक का, तर कुत्रा वळला, थबकला, हळू झाला की ते तत्क्षणी माणसाच्या हाताला कळावं. दोरीतून ते कळणार नाही. मेकॅनिकलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याला वाटतं, कुत्रा माणसाला ऑफिसला नेतो. तसं नसतं. रस्ता माणसाला पाठ असतो. कुठे वळायचं, कुठे ओलांडायचं, हे तोच ठरवतो आणि हुकूम देतो. कुत्रा खांब, खड्डे, पायऱ्या सांभाळतो. वर लोंबणारी फांदी कुत्र्याला लागत नाही, पण माणसाच्या कपाळावर आपटेल, म्हणून तिचाही हिशोब त्याने ठेवायचा असतो! सिग्नलचा दिवा मात्र कुत्रा वाचत नाही. कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही. गाड्यांच्या आवाजावरून अंदाज घेऊन माणूस म्हणतो, "फॉरवर्ड!"

आणि माणसाचा अंदाज चुकला तर? समजा, वळणावरून एखादी गाडी आवाज न करता आली. इलेक्ट्रिक गाड्यांचा हा धोका ओळखून अमेरिकेत २०११ साली कायदा झाला, की अशा गाड्यांनी कमी वेगात मुद्दाम आवाज केला पाहिजे. पण कायदा दर वेळी वाचवेलच असं नाही. तेव्हा कुत्र्याने जागचं हलायचं नाही. मालक म्हणतोय "चल", आणि आपण उभं राहायचं. याला म्हणतात शहाणपणाची आज्ञाभंगी!

हे शिकवतात कसं? आधी कुत्रा हुकुमाचा पक्का करतात. मग ट्रेनर "फॉरवर्ड" म्हणतो आणि त्याच वेळी संस्थेचाच दुसरा माणूस गाडी मुद्दाम समोर आणतो. ट्रेनर कुत्र्याला थांबवतो, मागे घेतो, मागे हटल्याबद्दल त्याचं भरपूर कौतुक करतो. पुन्हा पुन्हा. हळूहळू कुत्रा गाडी दिसताच आपणहून थांबतो, कितीही "फॉरवर्ड" म्हणा.

मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटली. माराच्या धाकाने वाढलेलं जनावर मालकाला ‘नाही’ म्हणू शकणार नाही. घाबरट जनावर गाडी पाहून स्वतःच पळेल. आपल्या माणसावर विश्वास आणि स्वतःवरही विश्वास, दोन्ही असेल तरच ते ठाम उभं राहील. आणि हा विश्वास चार महिन्यांत भरता येत नाही. तो त्या पहिल्या वर्षात, कुणाच्या तरी होस्टेलच्या खोलीत किंवा घरात तयार होतो.

परीक्षा कडक असते. तब्येत, स्वभाव, काम, सगळं तपासतात. सगळे पास होत नाहीत आणि इथे ए.टी.के.टी. नाही. पण वाय.डी. लागला म्हणून कुणी हिणवत नाही. अशा कुत्र्याला दुसरं काम मिळतं, नाहीतर चांगलं घर. पास झालेल्याची जोडी जमवताना माणसाची चाल, ताकद, राहणीमान बघतात. त्यासाठी ट्रेनर स्वतः हार्नेस धरून कुत्रा बनतो आणि अंध व्यक्तीला फिरवतो!

दादाच्या वर्गातल्या त्या मुलीने वर्षभर पिल्लू वाढवलं आणि सेमिस्टरच्या शेवटी परत दिलं. दादाने विचारलं, "मग त्रास नाही होत?" ती म्हणाली, "होतो ना. पण हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं." काही महिन्यांनी तिला मॉरिसटाउनला बोलावलं. ट्रेनिंग संपत आलं की वाढवणाऱ्यांना कुत्र्याचं काम लांबून बघू देतात. हाक मारायची नाही, वास जाईल इतकं जवळ जायचं नाही. कुत्रा ट्रेनरला घेऊन कोपऱ्यावर आला, थांबला, रस्ता ओलांडला आणि निघून गेला. त्याने वळून पाहिलं नाही. तिला त्याचाच आनंद झाला, असं दादा सांगत होता.

तुमच्यापैकी कुणी उद्या तिकडे गेलात आणि हार्नेस घातलेला कुत्रा दिसला, तर कितीही मोह झाला तरी त्याला हात लावू नका, शुकशुक करू नका, बिस्किट देऊ नका. तो ड्यूटीवर असतो, आणि त्याचं लक्ष एक क्षण हललं तरी दांड्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.