महाविद्यालयीन प्रवेश : तयारी नववी-दहावीच्या वर्गापासूनच

बारावीचा निकाल लागला की तहसील कार्यालयांच्या आवारात आणि आपले सरकार सेवा केंद्रांच्या दारांत पालकांच्या रांगा दिसू लागतात. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाच्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्च रोजीच संपलेली असते, तर कोणाला जात पडताळणीचा अर्ज दोन वर्षांपूर्वीच करावयास हवा होता, हे त्याच दिवशी प्रथम कळते. एखाद्या शेतमजुराच्या मुलीने सामाईक प्रवेश परीक्षेत चांगले यश मिळविलेले असते. इतर मागास प्रवर्गातून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात तिला सहज जागा मिळाली असती. परंतु मुदतीत प्रमाणपत्र सादर न झाल्याने तिची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि ती जागा हातची जाते. खाजगी संस्थेचे शुल्क ऐकून घरची मंडळी एक वर्ष थांबण्याचा निर्णय घेतात, आणि ग्रामीण भागात मुलीच्या शिक्षणातील असे थांबणे पुष्कळदा कायमचे ठरते. तिच्या गुणांत काही उणे नसते; उणा असतो तो एक कागद.

असे प्रसंग टाळणे हे शाळा, महसूल यंत्रणा आणि ग्रामपंचायत या तिघांच्याही हाती आहे. त्यासाठी प्रवेशाची प्रक्रिया कशी चालते, याची माहिती गावपातळीवर असणे अगत्याचे आहे.

बदललेली प्रवेशपद्धती

पूर्वी विद्यार्थी महाविद्यालयाच्या कार्यालयातून छापील अर्ज आणीत, भरून देत आणि सूचनाफलकावर यादी लागण्याची वाट पाहत. मुंबई विभागात २००९ साली अकरावीचे प्रवेश संगणकीय पद्धतीने सुरू झाले; पुढे काही महानगरांत ही पद्धत लागू झाली आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यातील अकरावीचे प्रवेश एकाच केंद्रीय पद्धतीने करण्यात आले. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी, विधी आदी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. वैद्यकीय व दंतवैद्यकीय शाखांसाठी मात्र ‘नीट’ ही देशपातळीवरील परीक्षा द्यावी लागते; राज्याच्या वाट्याच्या जागांची वाटणी हा कक्षच करतो.

या परीक्षांसंबंधी दोन गोष्टी विद्यार्थ्यांना शाळेतच सांगितल्या गेल्या पाहिजेत. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्रासाठी असलेल्या एमएचटी-सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर आधारित असतो. त्यामुळे अकरावीचे वर्ष विश्रांतीचे मानण्याचा जो प्रघात पडला आहे, तो महागात पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे, या परीक्षेचा निकाल ‘पर्सेन्टाइल’मध्ये दिला जातो, तो टक्क्यांचा आकडा नव्हे. ९० पर्सेन्टाइल याचा अर्थ, शंभरातील सुमारे नव्वद परीक्षार्थींचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच होतो. लाखो विद्यार्थी परीक्षेस बसत असल्याने ९० पर्सेन्टाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे हजारो विद्यार्थी असू शकतात. हे ठाऊक नसल्यामुळे पालकांच्या अपेक्षा भलत्याच उंचावतात आणि नंतर निराशा पदरी येते.

दाखल्यांची साखळी

प्रवेशासाठी लागणारे दाखले परस्परांशी साखळीप्रमाणे जोडलेले असतात, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. त्यासाठी अर्जदाराच्या कुटुंबाचे विवक्षित दिनांकापूर्वीचे राज्यातील वास्तव्य सिद्ध करावे लागते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. म्हणजेच आजोबांचा, प्रसंगी पणजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना नंबर १४ मधील जन्ममृत्यूची नोंद किंवा जुने जमीन-अभिलेख शोधणे ओघाने आले. आजोबा शाळेत गेलेच नसतील, किंवा ज्या गावात ते गेले ते गाव धरणाखाली गेले असेल, तर हा शोध महिनोन्‌महिने चालतो. तो निकालानंतरच्या पंधरवड्यात आटोपणारा नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर त्याची पडताळणी होते. २००० च्या राज्य अधिनियमान्वये जातीचे प्रमाणपत्र देणे आणि त्याची पडताळणी करणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यास वैधता प्रमाणपत्र आवश्यक असते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने हा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या पत्रासह अकरावीतच करणे सर्वांत श्रेयस्कर. वडिलांकडे, सख्ख्या काकांकडे किंवा आत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. भावकीतील अबोल्यामुळे काकांचा कागद मिळत नाही आणि पुतण्याचा अर्ज अडतो, असेही घडते. अशा वेळी सरपंच वा पोलीस पाटलांनी केलेली मध्यस्थी कोणत्याही परिपत्रकाहून अधिक उपयोगी पडते.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राविषयी तर मोठेच गैरसमज आहेत. अनुसूचित जाती व जमातींना ते लागत नाही. इतर मागास, विमुक्त, भटक्या, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास या प्रवर्गांना लागते. त्यासाठी ८ लाख रुपयांची मर्यादा २०१७ पासून आहे. परंतु ही मर्यादा तपासताना आई-वडिलांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. वेतनदारांच्या बाबतीत पदाचा वर्ग पाहिला जातो. वेतन ८ लाखांवर गेले म्हणून एखादा प्राथमिक शिक्षक अर्जच करीत नाही आणि त्याचा मुलगा हक्काच्या सवलतीस मुकतो. खुद्द शिक्षकांच्या घरांतही हा गैरसमज आढळावा, हे आश्चर्याचे आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे प्रमाणपत्र मात्र वेगळे असून त्यात वेतन व शेतीसह कुटुंबाचे सर्व उत्पन्न मोजले जाते. हे दोन दाखले एकच समजून चुकीचा दाखला जोडणारेही थोडे नाहीत.

अधिवासाबाबत एक दिलासा आहे. दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेला आणि ज्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राज्यातील जन्मस्थान नोंदलेले आहे, अशा विद्यार्थ्यास बहुतेक अभियांत्रिकी प्रवेशांत वेगळ्या अधिवास प्रमाणपत्रावाचून अडत नाही. म्हणूनच त्या दाखल्यावरील जन्मस्थानाचा रकाना कोरा राहू नये, याची दक्षता मुख्याध्यापकांनी घ्यावयास हवी. नाव, जन्मतारीख आणि जात यांच्या नोंदींचेही तसेच. दाखल्यावर एक आडनाव, आधारपत्रावर दुसरे आणि वडिलांच्या कागदावर तिसरेच असेल, तर प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो. विद्यार्थी शाळेत शिकत असताना जनरल रजिस्टरमधील दुरुस्ती विहित मार्गाने करून घेता येते; शाळा सोडल्यावर ती अतिशय कठीण होते. नववीच्या वर्गात एक दिवस केवळ या नोंदी पालकांसमक्ष वाचून दाखविण्यासाठी राखून ठेवला, तरी पुढील अनेक खेपा वाचतील.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो व त्यासाठी तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा, अहवाल लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरलेली असून ती टळल्यास अर्जदारास अपील करता येते. मात्र अर्ज रीतसर नोंदवून त्याची पोच जपून ठेवली असेल, तरच या हक्काला अर्थ आहे. शिवाय काही दाखल्यांच्या बाबतीत अर्जाची पोच जोडून प्रवेशप्रक्रियेत तात्पुरते सहभागी होण्याची मुभा अलीकडे देण्यात आली आहे. मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत आले नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो.

पसंतीक्रम : खरी कसोटी

कागदपत्रांची छाननी होऊन गुणवत्ता यादी लागली की विद्यार्थ्यास महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. येथे होणारी चूक कोणताही दाखला भरून काढू शकत नाही.

संगणक गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेका विद्यार्थ्याचा अर्ज घेतो आणि त्याने लिहिलेली पहिली पसंती उपलब्ध आहे का, ते पाहतो. नसेल तर दुसरी, मग तिसरी. जेथे प्रथम जागा मिळते, तेथे तो थांबतो. याचा अर्थ असा की, मिळणे अवघड असलेले पण मनापासून हवे असलेले महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या पसंतीवरील हक्क कमी होत नाही. उलट, ‘हे नक्की मिळेल’ म्हणून नावडते महाविद्यालय वर लिहिले, तर तेच पदरात पडते आणि त्याखालील चांगल्या महाविद्यालयाचा विचारच होत नाही. यादी अगदी तोकडी ठेवणे हीही तितकीच घातक चूक होय.

पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारणे बंधनकारक असते. अकरावीच्या प्रक्रियेत २०२५-२६ साली एक ते दहा पसंती देता येत होत्या आणि पहिली पसंती मिळूनही प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होत होता. अभियांत्रिकीसाठी त्याच वर्षी चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या फेरीत पहिली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी मिळालेली जागा बंधनकारक करण्यात आली. असे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून गतवर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचणे हाच खरा मार्ग.

पसंती लिहिण्यापूर्वी वसतिगृह आहे का, एस.टी.ची सोय कशी आहे, शाखा अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हे पाहिले पाहिजे. एकाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या या निरनिराळ्या तुकड्यांना वेगवेगळे संकेतांक असतात आणि शुल्कात मोठी तफावत असते. सेवा केंद्रचालकाच्या हाती मोबाइल व पासवर्ड सोपवून पसंतीक्रम त्यालाच भरू देणे तर सर्वथा अयोग्य. अर्ज कोणीही टंकलिखित करावा. क्रम मात्र विद्यार्थ्याने घरी कागदावर लिहून आणलेला असावा.

शुल्क व शिष्यवृत्ती

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली आहे. तथापि ही सवलत केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थिनींनाच मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही, आणि घाई करविणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी प्रणालीवर भरावे लागतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् या योजना आहेत.

महाडीबीटीची रक्कम आधारशी संलग्न असलेल्या खात्यातच जमा होते. खाते दुसऱ्याच बँकेशी संलग्न असल्यामुळे किंवा ते बंद पडल्यामुळे रक्कम अडकल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. तेव्हा प्रवेशापूर्वीच बँकेत जाऊन खातरजमा करून घ्यावी. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. प्रथम वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी ती आपोआप मिळत नाही. केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला प्रवेश काही कारणाने सोडावा लागला, तर जाहीर झालेल्या अंतिम दिनांकापूर्वी तो प्रणालीवर रीतसर रद्द करावा. तसे केल्यास अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत १,००० रुपये वजा जाता भरलेले शुल्क परत मिळते. दिनांक टळल्यास ही रक्कम बुडते. म्हणून रद्दतेच्या अर्जाची पोच आणि शुल्काची पावती मूळ कागदपत्रांसोबतच घरी सांभाळून ठेवावी.