वखार दुसऱ्यांदा बांधताना

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल नुसता बघून कोणी घेत नाही. दात बघतात, खुरं उचलून बघतात, चार पावलं चालवतात. चाल बरी दिसली नाही, तर पुढचं बोलणं होतच नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र थर्माकोलच्या धरणात पाणी ओतून बघितलं जात नाही. ते सुबक दिसलं की बक्षीस मिळतं आणि मुलांना वाटतं, काम संपलं.

अभियंत्याचं काम खरं तर तिथून सुरू होतं. गरज नेमकी सांगायची, पैसा, जागा आणि सामान किती ते मान्य करायचं, आकृती काढायची, स्वस्तातला नमुना करायचा, मग त्याला जाणूनबुजून छळायचं. तो जिथे हरेल तिथे बदल करायचा आणि पुन्हा छळायचं. डिझाइन म्हणतात ते हेच. ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, हातानेच शिकावं लागतं.

काष्टी ज्या श्रीगोंदा तालुक्यात आहे, तिथे त्यासाठी विषय शोधत फिरायला नको. गावरान कांदा उन्हाळ्यात निघतो, भावाची वाट बघत वखारीत पडतो आणि पावसाळ्यात सडायला लागतो. घराघरातलं हे दुखणं सातवी-आठवीच्या मुलांना पुस्तकाशिवाय कळतं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची अशा वखारीसाठी, म्हणजे कांदाचाळीसाठी, शिफारस आहे : तळ जमिनीपासून सुमारे दोन फूट उचललेला, ढीग साधारण चार फूट रुंद आणि पाच फुटांहून उंच नको. हे आकडे मुलांना आधी सांगू नयेत. ते का आले, हे त्यांनाच सापडू द्यावं.

चौघांचा एक गट करा. बांबूच्या कामट्या, सुतळी, जुना पुठ्ठा आणि पन्नास रुपयांची मर्यादा. दीड फूट लांबीची वखार करायची. कांद्याऐवजी बारदानाचे सारख्या आकाराचे तुकडे ओले करून पिळायचे, प्रत्येकावर खूण करून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करायचं आणि आत रचायचं. वखार व्हरांड्यात ठेवायची. दुपारी तुकडे काढून पुन्हा वजन करायचं. कडेचे तुकडे हलके झालेले असतात, मधला मात्र अजून जड. ढिगाच्या पोटात वारा पोचत नाही, हे काट्यावरच दिसतं. मग एकच गोष्ट बदलायची : तळ चार बोटं उचलायचा किंवा ढीग अरुंद करायचा. दोन्ही एकदम बदललं, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हा नियम मुलांनी मोडावा आणि आपणच गोंधळून परत यावं, यासारखा धडा नाही.

आता झारीने तिरपा पाऊस पाडा, आत वर्तमानपत्र अंथरून. ज्या गटाने वाऱ्यासाठी बाजू सताड उघड्या ठेवल्या, त्याचा कागद भिजतो. वारा हवा आणि पाऊस नको, या ओढाताणीत किती सोडायचं नि किती धरायचं, हे ठरवणं हाच या विषयाचा गाभा आहे. ते ठरवून प्रत्येक गटाने दुसरी वखार बांधायची.

घोडनदीच्या पल्याड, शिरूर तालुक्यात, करून बघून बदलण्याच्या या रीतीला दोन साक्षी आहेत. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली वरिष्ठ संशोधकाची नोकरी सोडून ते अवर्षणाच्या गावात आले होते. तिथे मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती, ऊर्जा, आरोग्य ही कामं करता करता शिकली, आणि गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देऊन शिकली. लोखंडी त्रिकोण जोडून उभा राहणारा, मधे खांब नसलेला पाबळ डोम याच कामातून पुढे आला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, पाबळलाच उभारली. कलबागांचं काम मला मोठं वाटतं, कारण तिथे वस्तू गिऱ्हाइकाकडे जाते. दार बसलं नाही, तर गिऱ्हाईक परत आणतं. गुणांपेक्षा ती तपासणी कडक असते.

दुसरी साक्ष घोडनदीकाठच्या इनामगावची. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती सापडली. धान्याच्या कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे, जमिनीत खणलेली पेवं, आणि पुढे दिवस वाईट आल्यावर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या. परिस्थिती पालटली तसा बांधणाऱ्यांनी आराखडा पालटला. काष्टीच्या मुलांनी सहलीला तिथेच जावं.

शिक्षकांची अडचण खरी आहे : तासिका कुठून आणायच्या? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत, त्यांतले चार या वखारीला पुरतात. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांनी थ्रीडी प्रिंटर जरूर वापरावा, पण काटा आणि कामट्या आधी.

माझी एकच विनंती आहे. निम्मे गुण दुसऱ्या वखारीला ठेवा आणि पहिली का हरली, ते मुलांनी वहीत आपल्या शब्दांत लिहिलं असेल तरच ते द्या. प्रदर्शनाच्या टेबलावर दोन्ही वखारी शेजारी शेजारी मांडा, भिजलेल्या कागदासकट. बाजाराला आलेल्या पालकांनाही शाळेत बोलवा. कांदा कुठे सडतो, हे त्यांना ठाऊक आहे. ते मुलांना नेमके प्रश्न विचारतील.