गिरणीचं पीठ आणि प्लास्टिकचा रस

बादल्या ओतणाऱ्या यंत्रात प्लास्टिकचे दाणे फक्त हीटरने वितळतात, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता फिरणाऱ्या स्क्रूमुळे निर्माण होते. स्क्रू आणि नळी यांच्या मधल्या फटीत रसाचे थर एकमेकांवरून वेगाने सरकतात. हेच कर्तन (थरांचं परस्परांवर घसरणं).

गिरणीतून आणलेला पिठाचा डबा हाताला गरम लागतो, आणि तिथे चूल नसते; उष्णता तिथेही घासण्यातूनच येते.

कर्तनाने बहुवारिकाच्या (साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थाच्या) साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, रस पातळ होतो. म्हणजे माल बिघडला, असं मुळीच नाही. वेग उतरला की दाटपणा परततो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र ताण आणि तापमान अती झालं की साखळ्या खरोखर तुटतात. हा पातळपणा कायमचा. २३० अंश सेल्सिअसला २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम रस बाहेर पडतो, हे मोजलं की ते तुटणं उघड होतं: आकडा चढलेला असतो.