लग्न झालं, पण बोलायला जागा कुठंय?

आजीसोबत मोबाईलवर 'पिया का घर' बघायला बसले, तेव्हा वाटलं होतं, पंधरा मिनिटांत कंटाळून उठेन. १९७२चा सिनेमा, त्यात ना मारामारी, ना खलनायक. त्याच वर्षी जया भादुरीचे 'बावर्ची', 'परिचय' आणि 'कोशिश' आले, लोकांच्या लक्षात तेच राहिले. यातलं किशोर कुमारचं गाणं अजून रेडिओवर लागतं, पण सिनेमा पाहिलेला माणूस शोधावा लागतो.

गोष्ट एवढीशी. मोठ्या घरात वाढलेली मालती लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते. घरात सासू-सासरे, दीर, जाऊ अशी भरपूर माणसं आणि नव्या जोडप्याच्या वाट्याला येतं स्वयंपाकघर! राम (अनिल धवन) आणि ती जरा जवळ आले, की कुणीतरी हजर. गंमत म्हणजे यात वाईट कुणीच नाही. सगळे प्रेमळ, सगळे मदतीला तयार. म्हणूनच तर रागवायचं कुणावर, हा प्रश्न पडतो. एरवी अशा सिनेमांत लग्नापर्यंत पोहोचायची धडपड असते, इथे लग्नानंतर दोन शब्द बोलण्याची.

दिग्दर्शक बासू चटर्जी आधी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचे. ते इथे जाणवतं. हसू येतं ते विनोदी वाक्यांनी कमी आणि अवघडलेल्या चेहऱ्यांनी जास्त. मूळ गोष्ट मात्र मराठीतली. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या सिनेमाचाच हा हिंदी अवतार. अरुण सरनाईकांसाठी तोही शोधून बघा.

एक गोष्ट मात्र खटकली. जुळवून घ्यायचं ते बहुतेक मालतीनेच. जयाच्या डोळ्यांतली घुसमट इतकी खरी वाटते, की मधेच हसू थांबतं.

मी हे आजीला म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत तिचा संसार सुरू झाला, हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"तुझे आजोबा रविवारी म्हणायचे, चल, भाजी आणू. दोन तासांनी परत यायचो."

"आणि भाजी?"

"ती कधीकधी राहूनच जायची."